साभार! पण कोणाचे?

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या शाळेतील शिक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट आहे. सकाळी सहाला त्यात पहिला सूर्योदय उगवतो आणि रात्री अकराला शेवटचा विनोद मावळतो. त्या दिवशी मधल्या सुटीत गटावर एक उतारा आला. गळक्या वर्गात मास्तर मुलांना छत्र्या उघडून बसायला सांगतात आणि तसाच भूगोलाचा तास पुरा करतात, असा तो प्रसंग होता. दोन ओळी वाचल्या आणि मी दचकलो. कारण तो उतारा माझ्याच कादंबरीतला होता. ती कादंबरी छापून नऊ वर्षे झाली आणि तिच्या तीनशे प्रती अजून प्रकाशकाच्या माळ्यावर सुखरूप आहेत. उताऱ्याखाली लिहिले होते : 'लेखक अज्ञात. साभार. आवडल्यास पुढे पाठवा.'

उतारा पाठवणारे गृहस्थ माझ्या शेजारच्याच खुर्चीवर डबा खात होते. ते मला म्हणाले, "वाचलंत का सर? काय लिहिलंय! तुम्ही लिहिता ना, मग असं काहीतरी लिहीत जा."

मी म्हणालो, "अहो, हे माझंच आहे."

ते क्षणभर थांबले. पोळीचा तुकडा भाजीत बुडवून म्हणाले, "असेल हो. पण छान आहे की नाही?"

हा लेख त्या 'असेल हो'वर आहे. आपले नाव गेल्याचे मला दुःख झाले नाही असे म्हटले, तर तो खोटेपणा होईल. आमच्या धंद्यात 'साभार' हा शब्द आम्हाला पूर्वीपासून परिचित आहे. संपादकांच्या पाकिटातून तो यायचा, तेव्हा त्याच्या शेजारी 'परत' हा शब्द असायचा. परंतु तेव्हा निदान आभार कोणाचे मानले जात आहेत हे कळत होते. पाकिटावर आमचे नाव असे. आताचा 'साभार' विलक्षण आहे. आभार तर मानायचे, पण कोणाचे ते सांगायचे नाही! देवळात जाऊन डोळे मिटून नमस्कार करावा आणि समोर देव आहे की पुजाऱ्याची छत्री आहे हे पाहू नये, तसा हा प्रकार आहे.

असो. एका लेखकाचा अहंकार दुखावला म्हणून वाचकांच्या फराळात खडा टाकण्याचा मला अधिकार नाही. माझ्या रागाचे खरे कारण निराळे आहे आणि ते मला स्वतःच्या अंगावर घेऊन सांगावे लागणार आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर करतो. फोनवर येणाऱ्या गमती, युक्त्या आणि उपयोगी साधने एकमेकांना पाठवण्याची जी हौस सगळीकडे दिसते, तिच्यावर नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नव्हे. चांगली वस्तू दिसली की शेजाऱ्याला हाक मारून 'हे बघ' म्हणावे, ही माणसाची फार जुनी आणि निर्मळ प्रवृत्ती आहे. मी स्वतः तिच्यावरच वाढलो. माझे शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे चित्रकलेच्या पदविकेवर शाळेत लागलो. कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. मला 'हे बघ' म्हणणारी माणसे हेच माझे कॉलेज. काही वर्षांपूर्वी अशाच एका मित्राने मला कळवले की, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतो. १८५७ सालच्या त्या दुसऱ्या आवृत्तीत मी कित्येक रात्री घालवल्या आहेत. त्या कोशाची एक रीत मला फार आवडते. शब्द संस्कृतातून आला, फारसीतून आला की अरबीतून आला, हे त्याच्यापुढे एका अक्षरात सांगितलेले असते. शब्दासारखी हातोहात झिजलेली वस्तू. परंतु तिचेही कूळ सांगितल्यावाचून ती वाचकाच्या हाती द्यायची नाही, असा त्या कोशकाराचा बाणा होता.

माझ्या मित्राने कोशाचे नाव, विद्यापीठाचे नाव आणि दुवा असे तिन्ही पाठवले होते. म्हणून मी तेथवर पोहोचलो आणि शेजारी आणखी चार कोश आहेत हे मला दिसले. त्याने नुसता एखादा शब्द आणि त्याचा अर्थ 'साभार' म्हणून पाठवला असता, तर तो शब्द मला मिळाला असता आणि कोश मात्र जन्मभर मिळाला नसता. सापडलेली वस्तू दाखवणे निराळे आणि तिच्यावरची चिठ्ठी फाडून ती वाटणे निराळे. पहिल्या प्रकाराने माणसाला वाट सापडते. दुसऱ्याने फक्त एक घास मिळतो आणि तो कशाचा आहे तेही कळत नाही.

चिठ्ठी फाडलेला माल तीन जातींचा असतो. वानगीदाखल प्रत्येकाचा एकेक मासला देतो.

पहिली जात गमतीची. आमच्या गटावर पु. ल. देशपांडे यांच्या नावाने सेल्फी काढणाऱ्यांवरचा एक विनोद आला. विनोद बरा होता. परंतु पु. ल. गेले १२ जून २००० रोजी आणि 'सेल्फी' हा शब्द लिहिलेला सापडतो तो २००२ पासून. विनोद कोणा बिचाऱ्या हयात माणसाने रचला असणार. त्याचे नाव पुसून तेथे थोरामोठ्याचे नाव चिकटवले की विनोदाला लवकर पाय फुटतात, हे कोणीतरी ओळखले. यात अन्याय दोघांवर झाला. ज्याने लिहिले त्याचे श्रेय गेले आणि पु. लं.च्या पदरात जे त्यांनी लिहिले नाही ते पडले. दर पंधरा ऑगस्टला येणारी दुसरी गंमत म्हणजे आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवल्याची बातमी. आपण अशी कोणतीही घोषणा केलेली नाही, असा खुलासा युनेस्कोने २००८ सालीच केला होता. आपले राष्ट्रगीत आपल्याला प्रिय असायला परक्या संस्थेच्या प्रशस्तिपत्राची गरज काय, आणि तेही खोट्या, हा प्रश्न कोणाला पडत नाही.

दुसरी जात युक्त्यांची. एटीएमवर चोराने धरले तर पिन उलटा टाका, पैसे मिळतील आणि पोलीसही येतील, ही युक्ती मला गेल्या दहा वर्षांत किती जणांनी पाठवली याची गणती नाही. मी ती सहावीच्या वर्गात वाचून दाखवली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, पिन १२२१ असला तर?" दुसरा म्हणाला, "आणि ७७७७ असला तर?" अकरा वर्षांच्या मुलांना जे अर्ध्या मिनिटात सुचले, ते दोन-दोन पदव्या घेतलेल्या माणसांना सुचू नये? अशी सोय आपल्याकडच्या कोणत्याही बँकेत नाही. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवा, ही दुसरी युक्ती. अ‍ॅपल कंपनीने २०२४ साली आपल्या ग्राहकांना स्पष्ट सांगितले की असे करू नका. तांदळाचे बारीक कण आत शिरून फोनची हानी होऊ शकते. म्हणजे युक्तीने फोनही जायचा आणि तांदूळही. जुन्या काळीही घरोघर युक्त्या चालत. परंतु आजीने सांगितलेला काढा अंगावर उठला, तर आजी त्याच घरात चुलीपाशी बसलेली असे. तिला जाब विचारता येत असे, आणि हे ठाऊक असल्यामुळे तीही जपून सांगत असे.

तिसरी जात साधनांची : हा दुवा उघडा, ही फाइल घ्या, हा अर्ज भरा. येथे हसू संपते. लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल पाठवायची. ती उघडली की घेणाऱ्याच्या फोनचा ताबा भलत्याच माणसाकडे जातो, या फसवणुकीविषयी हिमाचल प्रदेश पोलिसांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांना सावध केले होते. लग्नपत्रिका हे निमित्त चोरांनी मोठ्या हुशारीने निवडले आहे. पत्रिका कोणाकडून आली हे आपण पाहतो, ती कोणी छापली हे कोण पाहतो?

आता माझी गोष्ट. २०२३च्या जूनमध्ये माझ्या एका नातेवाइकाने मला एक संदेश पाठवला. दहावी-बारावीच्या मुलांना सरकारतर्फे मोफत लॅपटॉप मिळणार, मुदत दोनच दिवस उरली आहे, खालील दुव्यावर अर्ज भरावा. मी घाईत होतो. शाळा सुरू होण्याचे दिवस, गरीब मुलांचे कल्याण आणि दोनच दिवसांची मुदत! मी तो संदेश जसा आला तसा आमच्या दहावीच्या पालकांच्या गटावर टाकला आणि एक सत्कृत्य केल्याच्या समाधानात चहा प्यालो. पाचव्या दिवशी एक बाई शाळेत आल्या. शिवणकाम करून त्या दोन मुलांना शिकवतात. त्यांनी तो अर्ज भरला होता. अर्जाने खात्याचा क्रमांक मागितला, कार्डावरचा आकडा मागितला आणि शेवटी फोनवर आलेला ओटीपीही मागितला. शिलाई यंत्राला मोटार बसवण्यासाठी साठवलेले ९,४०० रुपये त्या रात्री गेले. लाजेपोटी त्या चार दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. अशा वेळी १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवले, तर पैसे मध्येच अडवले जाण्याची काही आशा असते. ती वेळ निघून गेली होती.

मी त्यांना म्हणालो, "बाई, तो संदेश माझा नव्हता. मला आला तो मी पुढे पाठवला."

त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सर, तुम्ही पाठवलं म्हणून भरलं."

या वाक्याने मला जे शिकवले ते सांगण्यासाठी हा सारा खटाटोप आहे. आपण समजतो की, एखाद्या वस्तूवरचे मूळ नाव पुसले म्हणजे ती वस्तू बेनावाची झाली. आता तिची जबाबदारी कोणावरच नाही. ही समजूत साफ चुकीची आहे. नाव पुसल्यावर ती जागा रिकामी राहत नाही. तेथे पाठवणाऱ्याचे नाव आपोआप उमटते. त्या बाईंनी सरकारवर विश्वास ठेवला नव्हता आणि त्या दुव्यावरही ठेवला नव्हता. तो त्यांच्या मुलाच्या चित्रकलेच्या मास्तरांवर ठेवला होता. मी स्वतःला टपालवाला समजत होतो; त्यांच्या लेखी मी जामीन होतो. आणि जामिनाने कागद न वाचता अंगठा उठवला होता.

ते पैसे मी त्यांना हप्त्यांनी दिले. दोनदा त्यांनी नको म्हटले, तिसऱ्यांदा घेतले. परंतु हिशेब तेथे मिटला नाही. त्यानंतर मी गटावर परीक्षेचे वेळापत्रक टाकले, तरी त्यांचा फोन येई, "हे खरंच ना, सर?" शिक्षकाजवळ दुसरी कोणती मालमत्ता असते? मुले आणि त्यांचे आईबाप त्याचा शब्द पडताळून न पाहता घेतात, एवढीच. ती मी एका बोटाने उधळून टाकली होती.

मी उधळला तो पैसा आणि शब्द. आपल्या महाराष्ट्राने याहून भयंकर किंमत दिली आहे. २०१८च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर फोनवरून फिरत होत्या. त्यांतली एक चित्रफीत पुष्कळांना आठवत असेल. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. ती फीत भारतातली नव्हती आणि गुन्ह्याचीही नव्हती. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या कराचीच्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ती तयार केली होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि मुलांवर लक्ष ठेवा अशा अर्थाची पाटी दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. पाटी गेली, संस्था गेली, कराची गेली. उरला तो नुसता मूल पळवणारा हात. त्याला प्रत्येक जिल्ह्याने आपापल्या जिल्ह्याचे नाव दिले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे अशाच अफवांच्या संशयातून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव हिंडणारे लोक होते. संदेश पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला मनातून वाटले असेल की, आपण दुसऱ्याच्या लेकरांची काळजी घेत आहोत. हेतू चांगला असणे पुरेसे नसते, हे यापेक्षा निष्ठुरपणे कोण सांगेल?

त्याच जुलैमध्ये, एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही, अशी मर्यादा भारतासाठी घालत असल्याचे व्हॉट्सअ‍ॅपने जाहीर केले. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले. अशा संदेशावर दोन बाणांची खूणही उमटते. हे उपाय बरे आहेत, परंतु बाण एवढेच सांगतात की वस्तू फार हिंडून आली आहे. ती निघाली कोठून हे बाण सांगत नाहीत. ते काम यंत्राचे नव्हे, ते आपले आहे.

याला माझे मित्र तीन उत्तरे देतात. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिले उत्तर वेळेचे. 'एवढं बघत बसायला वेळ कुणाला आहे?' हा युक्तिवाद मला समजतच नाही. ज्याला दिवसात चाळीस वस्तू पाठवायला वेळ आहे, त्याला चार वस्तू नीट पाहून पाठवायला वेळ कसा नाही? वेळ नसेल तर पाठवू नये. न पाठवल्यामुळे कोणाचे बुडाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

दुसरे उत्तर गमतीचे. 'विनोदाला कसला पुरावा मागता?' मी पुरावा मागत नाही, नाव मागतो. हसवणे ही काही आकाशातून पडणारी गार नव्हे. कोणीतरी रात्र जागून ते वाक्य घडवलेले असते, कोणीतरी उन्हात उभे राहून ते चित्र टिपलेले असते. त्याचे नाव राहिले तर आपण त्याच्याकडे पुन्हा जाऊ, त्याचे दुसरे काही वाचू, कदाचित विकतही घेऊ. ते पुसले तर त्या माणसाची दुसरी गंमत आपल्याला कधीच सापडणार नाही. म्हणजे स्वतःच्या हसण्याचा झरा आपण आपल्याच हाताने बुजवतो.

तिसरे उत्तर विद्वान मंडळींचे आहे आणि ते वरकरणी बिनतोड वाटते. ते म्हणतात, आपले लोकवाङ्मय अनामिकच आहे. जात्यावरच्या ओव्या कोणी रचल्या? पोथ्या उतरणारेही शेवटी सांगत की, जशी पोथी पाहिली तशी उतरली आहे, मला दोष देऊ नये. तुमचे 'जसे आले तसे' त्याहून काय निराळे आहे?

निराळे आहे, आणि पुष्कळच. तो नकलनवीस दोष नको म्हणे हे खरे; परंतु पुष्कळदा त्याच पानावर तो आपले नाव, गाव, शके आणि तिथीही लिहून ठेवी. म्हणून तर आज अभ्यासकांना एक पोथी दुसरीशी ताडून पाहता येते. हातोहात उतरताना पाठ बिघडतात, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. एरवी एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करण्याचे कष्ट का घेतले असते? अभंगांचे पाहा. निरक्षर माणसांनी शेकडो वर्षे ते तोंडोतोंडी पुढे नेले. परंतु 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' ही मुद्रा अभंगाच्या अंगातच विणलेली असते. नाव गाळायचे तर शेवटचा चरणच मोडावा लागतो. जनाबाईने तर आपल्या नावाबरोबर नामदेवाचेही नाव राखले. वारीत चालणाऱ्या अडाणी म्हातारीला जे कळले, ते आपल्या हातातील महागड्या फोनला कळू नये!

आणि जात्यावरच्या ओव्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या ग्रामीण भारताच्या जनसंग्रहाच्या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या प्रसिद्ध होत आहेत. ओवी रचली कोणी हे कोणालाच ठाऊक नाही. परंतु ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव तेथे दिलेले असते. ज्या ठिकाणी कर्ता सापडणेच शक्य नव्हते, त्या ठिकाणीसुद्धा 'मला ही येथे, हिच्याकडून मिळाली' एवढे सांगण्याचा प्रामाणिकपणा त्यांनी सोडला नाही. 'लेखक अज्ञात' म्हणणाऱ्यांनी एकदा हे पाहावे. अज्ञात आणि न शोधलेला, हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत.

वेचे काढण्याची कलाही आपल्याकडे नवी नाही. १८५४ साली परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी 'नवनीत' हा मराठी कवितांच्या वेच्यांचा ग्रंथ काढला. दुसऱ्यांचे लोणी वेचून आपल्या वाटीत घालण्याचाच तो उद्योग होता. परंतु कोणते लोणी कोणाच्या घरचे ते त्यांनी कवींच्या नावांनिशी सांगितले. म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांना त्या ग्रंथातून कवी सापडत गेले. चांगला वेचणारा हा एक प्रकारचा कर्ताच असतो. त्याला मान मिळतो तो यासाठी, की त्याचे बोट मूळ झाडाकडे वळलेले असते.

मग करावे काय? मी उपदेशापेक्षा माझ्या वर्गात काय चालते ते सांगतो. त्या लॅपटॉपच्या प्रकरणानंतर मी चित्रकलेच्या खोलीतील एका फळ्यावर चार उभे रकाने आखले : काय सापडले, कोणाचे आहे, कोठे सापडले, स्वतः करून पाहिले का. मुलांनी इंटरनेटवर सापडलेली कोणतीही गंमत, युक्ती किंवा साधन तेथे लिहावे. मात्र चारही रकाने भरल्यावाचून नाही. पहिल्या आठवड्यात फळा गच्च भरला, कारण मुलांनी पहिलाच रकाना भरला होता. मी ते सगळे पुसले. दुसऱ्या आठवड्यात तीनच नोंदी आल्या. परंतु त्या तीन मी माझ्या वहीत उतरून घेतल्या. कागदाचा कबुतर उडवण्याची एक रीत होती. ज्या मुलाने ती लिहिली त्याने चौथ्या रकान्यात लिहिले होते, 'करून पाहिले. तीनदा पडले, चौथ्यांदा पंख थोडे वर वळवले तेव्हा उडाले.' ही खरी युक्ती. हे चौथ्या खेपेचे ज्ञान फक्त करून पाहणाऱ्याजवळ असते आणि तेवढ्यासाठीच युक्ती सांगणाऱ्याची किंमत आहे.

पुढे आठवीतल्या एका मुलीने याहून मोठे काम केले. आमच्या तालुक्यात पुराने पूल वाहून गेल्याचे छायाचित्र गावभर फिरत होते. तिने ते चित्रावरून चित्र शोधण्याच्या सोयीत टाकले. अशी सोय टिनआय या संकेतस्थळाने २००८ साली आणि गूगलने २०११ साली लोकांना दिली. तिला पैसा लागत नाही आणि मिनिटही लागत नाही. तो पूल दुसऱ्याच राज्यातला आणि चार वर्षांपूर्वीचा निघाला. त्या दिवशी संध्याकाळच्या एसटीने पलीकडच्या गावी जायला घाबरलेली पुष्कळ माणसे तिच्या त्या एका मिनिटामुळे घरी पोहोचली.

नुसता दुवा पाठवून भागत नाही, हेही मुलांना मी सांगतो. इंटरनेटवरचे पत्ते आपल्याला दगडावर कोरलेले वाटतात. वस्तुतः ते वाळूवर लिहिलेले असतात. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले की, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. सापडलेली पाने साठवून ठेवण्यासाठी लोक वापरत ती साधनेसुद्धा टिकत नाहीत. 'पॉकेट' नावाचे साधन लोकांनी वर्षानुवर्षे वापरले. मोझिलाने ते ८ जुलै २०२५ रोजी बंद केले. म्हणून दुव्याबरोबर लेखाचे नाव, कर्त्याचे नाव आणि दिनांक लिहावा. पत्ता मेला तरी नावावरून वस्तू पुन्हा शोधता येते. ब्रूस्टर काहल यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये मेलेल्या पानाची जुनी प्रतही पुष्कळदा सापडते. नाव नसेल तर शोधायचे तरी काय?

कर्ता खरोखरच सापडला नाही, तर काय लिहावे? 'मला अमक्या दिवशी अमक्यांकडून मिळाले. कर्ता शोधला, सापडला नाही. खरे-खोटे मी पाहिलेले नाही.' एवढे लिहायला अर्धे मिनिट लागते. ते लिहिताना पुष्कळांचे बोट अडखळेल आणि पुष्कळ संदेश पाठवायचे राहतील. राहोत! जे वाक्य लिहायला आपल्याला लाज वाटते, ते दडपून वस्तू मात्र पुढे ढकलणे, याला मी सौजन्य म्हणणार नाही. ती दुसऱ्याच्या विश्वासावर केलेली उधळपट्टी आहे.

शाळेच्या गटावर मी आता बिननावाच्या प्रत्येक वस्तूला एकच उत्तर देतो : 'सापडले कोठे?' प्रथम लोक रागावले. एकाने मला गटातला फौजदार म्हटले. डब्यातली भाजी खाणारे ते गृहस्थ मात्र परवा माझ्याकडे आले आणि माझ्या कादंबरीची प्रत मागू लागले. त्या छत्र्यांच्या प्रसंगापुढे काय झाले ते त्यांना वाचायचे होते. मी प्रत दिली. पैसे घेतले. माळ्यावर आता दोनशे नव्याण्णव आहेत.

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचे फोन मात्र अजून येतात. मी काही पाठवले की त्या विचारतात, "सर, हे कुठून आलं?" पूर्वी तो प्रश्न मला टोचत असे. आता मी पाठवण्याआधीच त्याचे उत्तर खाली लिहितो. तरी त्या विचारतात, आणि त्यांना तो अधिकार आहे.

वाचकहो, हा लेख आवडला तर अवश्य पुढे पाठवा. आवडला नाही तर टीकेसह पाठवा. फक्त माझे नाव, या अंकाचे नाव आणि साल तेवढे कापू नका. उद्या यात एखादी चूक निघाली, तर शिव्या देण्यासाठी तरी माणूस सापडला पाहिजे.